कार्बन डायऑक्साइड विजेवर ओळखणारे सच्छिद्र पदार्थ: मॉफ सेन्सर म्हणजे काय?

फोनवर दिसणाऱ्या एक्यूआयमध्ये कार्बन डायऑक्साइड नसतोच. भारताच्या एक्यूआयमध्ये 8 प्रदूषक धरतात, त्यात हा वायू नाही. बंद वर्गात किंवा एसी खोलीत तो किती साचलाय हे बघायला वेगळा सेन्सर लागतो.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त मीटर घेताना जरा जपून. अनेकांवर 'ईसीओ2' असं लिहिलेलं असतं. म्हणजे ते मोजतात हवेतली सेंद्रिय वाफ, आणि त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा नुसता अंदाज देतात. बोईसरमध्ये हा अंदाज सहज फसू शकतो. शेजारी तारापूर एमआयडीसी, तिथे औषधं, रंग, रसायनांचे कारखाने. बाहेरून सॉल्व्हंटची वाफ आली की रिकाम्या खोलीतही आकडा चढेल, आणि तुम्ही 'हवा कोंडली' समजून खिडकी उघडाल. नेमकं उलटं!

खरा वायू मोजतो तो एनडीआयआर सेन्सर. कार्बन डायऑक्साइड 4.26 मायक्रोमीटरचे इन्फ्रारेड किरण शोषतो, त्यावरून प्रमाण कळतं. भरवशाचा आहे, पण प्रकाशाचा स्रोत, पोकळी, फिल्टर एवढं सगळं फोनमध्ये मावणं कठीण.

विजेवर मोजायचं तर वेगळीच अडचण. हा वायू सहसा कशाशी रासायनिक क्रिया करत नाही, त्यामुळे साध्या सेन्सरला त्याची चाहूलच लागत नाही. इथे मॉफ कामाला येतात. धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून केलेली ही जाळी. छिद्रं इतकी बारीक आणि इतकी जास्त, की काही मॉफच्या 1 ग्रॅममध्ये हजारो चौरस मीटर पृष्ठभाग असतो. याच शोधासाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुण्याच्या आयसरमध्येही मॉफवर संशोधन चालतं.

छिद्रांत वायू शिरला की पदार्थाची वीज साठवण्याची क्षमता बदलते. मॉफ वीजवाहक असेल तर रोधही बदलतो. हा बदल साधं सर्किट मोजू शकतं.

खरी परीक्षा दमट हवेची. पालघरच्या पावसाळ्यात कार्बन डायऑक्साइडच्या आधी पाण्याचे रेणूच जागा अडवतात. 2019 मध्ये एमआयटीच्या दिंका यांच्या गटाने तांब्याचा एक वीजवाहक मॉफ दाखवला. त्यात छिद्रांतलं पाणी अडथळा न होता ओळखायला मदतच करतं, म्हणून तो दमट हवेतही चालतो.

सध्या मीटर घ्यायचाच असेल तर खोक्यावर 'एनडीआयआर' शोधा. कारखान्यातून दुसरा वायू गळला, तर मात्र तोही काही सांगणार नाही.