सुराचा सांधा

गाण्याचे तुकडे पाडायची रीत आमच्या बडोद्यात कंप्युटरबरोबर आली, असं कुणी समजू नये. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी इथे गायनशाळा काढली. तोंडातोंडी चालणाऱ्या चिजा त्यांनी स्वरलिपीत, एकेक स्वर सुटा करून कागदावर मांडल्या. पुढे तबकडी आली. तिच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. आमच्या दरबाराचे फैयाझखाँ मैफलीत राग पसरून गात. तबकडीवर मात्र त्यांनाही जयजयवंती तेवढ्यातच आटपावी लागली. पण ती आवरली त्यांची त्यांनी. कात्री दुसऱ्याच्या हातात नव्हती, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो.

ती दुसऱ्याच्या हाती गेली टेपमुळे. स्टुडिओत पाव इंच रुंदीची फीत ब्लेडने कापून चिकटवत, आणि कापत ती तिरपी, ४५ अंशांत. आपण बायका कापड तिरकं बेततो, तसंच म्हणा ना! सरळ कापली तर सांध्यावर 'टक्' वाजण्याची भीती. सेकंदाला १५ इंच धावणारी फीत तिरपी जोडली, की एक आवाज दुसऱ्यात सेकंदाच्या साठाव्या भागात विरघळतो. कानाला पत्ताच लागत नाही.

आज घरोघरच्या सॉफ्टवेअरमध्ये, २००० सालापासून फुकट मिळणाऱ्या ऑडॅसिटीतसुद्धा, युक्ती तीच आहे. आवाज म्हणजे लाट. ती उंचावर असताना तोडली की पुढचा तुकडा भलत्याच पातळीवर सुरू होतो आणि स्पीकर दचकतो. म्हणून लाट मधली रेघ ओलांडते तिथेच कापायचं. नाहीतर टोकाचे पाच-दहा मिलिसेकंद हळूहळू उतरवायचे, किंवा दोन्ही टोकं एकमेकांवर चढवायची.

माझ्या लेकीने तिच्या आजीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट अशीच तुकडे करून तालावर बसवली. सासूबाई गेल्या, आता आवाज तेवढा उरलाय. 'टक्' तिने दोन दिवसांत घालवलं. तरी एका ठिकाणी सूर ठेचकाळायचा. तिथे त्यांनी स्वर वर ओढत नेला होता आणि काप नेमका त्या ओढीच्या मधे पडला होता. मींडेत तोडलेला गळा कुठल्याही फेडने सांधत नाही. काप मागे सरकवून त्यांनी दम घेतला तिथे आणावा लागला.

एवढ्या सफाईत दमाचे आवाजही पुसले गेले होते. माझ्या नणंदेने ऐकलं आणि म्हणाली, "अगं, आईची धाप कुठाय यात? दळताना ती अशी मशीनसारखी गायची होय?"

लेक पुन्हा बसली. पाच श्वास परत घातले. गाणं तालात थोडं मागे पडतं आता, पण तिने ते तसंच ठेवलंय.