कॅमेऱ्याची खूण

छायाचित्रात सगळे असतात. नसतो तो एकटा छायाचित्र काढणारा. लग्नाच्या फोटोत वधूवर असतात, विहीणबाई असतात, रुसून कोपऱ्यात उभे राहिलेले एखादे पोरही असते. परंतु ज्याने ‘जरा हसा’ म्हणून सर्वांना हसविले, तो कॅमेऱ्याच्या आडच राहून जातो. त्याची आठवण कशी ठेवावी, हा प्रश्न कॅमेऱ्याइतकाच जुना आहे. आजची तरुण मंडळी आपल्या नावाशेजारी जी चिमुकली कॅमेऱ्याची खूण टाकतात, तिचे कुळ शोधू लागलो, तेव्हा मी नेमका याच प्रश्नापाशी येऊन पोचलो.

ही खूण वाचकांनी पाहिली असेलच. मोबाइलवरच्या आपल्या ओळखीच्या पानावर, म्हणजे प्रोफाइलवर, नाव, गाव आणि मग एक इवलासा कॅमेरा! बहुतेक जण तो तयार चित्रांतून उचलतात. काही हौशी मंडळी मात्र चौकोनी कंसांच्या पोटात एक वाटोळे ठेवतात, शेजारी अंशाची टिकली देतात, आणि नुसत्या छापील चिन्हांतून कॅमेरा उभा करतात. ठिपके जोडून रांगोळीत कमळ काढावे, तशातलाच हा प्रकार.

चिन्हांतून चित्र काढण्याची ही हौस संगणकावर बरीच जुनी आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे स्कॉट फालमन यांनी १९८२ साली अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस एवढ्यांतून हसरा चेहरा सुचविला. थट्टा कोणती आणि गंभीर बोलणे कोणते, हे वाचणाऱ्याला कळावे, इतकाच त्यामागचा हेतू. पुढे १९९९ साली जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी डोकोमो कंपनीच्या मोबाइल सेवेसाठी १७६ चित्रे तयार केली. प्रत्येक चित्राला जागा होती उभे बारा आणि आडवे बारा ठिपके, म्हणजे अवघे १४४! तेवढ्यात ऊन, पाऊस, छत्री बसविली, आणि कॅमेराही बसविला. जपानी भाषेत ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. म्हणून ही ‘इमोजी’. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१६ साली ही चित्रे आपल्या संग्रहात घेतली.

जगातील लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेत कॅमेरा दाखल झाला तो २०१० च्या ऑक्टोबरात. आपल्या ‘क’ला जसा एक क्रमांक आहे, तसाच या कॅमेऱ्यालाही मिळाला. योगायोग असा की, छायाचित्रे लोकांपुढे मांडणारे इन्स्टाग्रामही त्याच महिन्यात सुरू झाले. २०१४ साली लखकन उजेड पाडणारा दुसरा कॅमेरा आला. एव्हाना खिशातल्या फोनने पेटीसारखा कॅमेरा पुष्कळांच्या हातून सोडविला होता. चित्रात मात्र तीच पेटी, तेच भिंग कायम राहिले.

परंतु कॅमेऱ्याचे चित्र आणि शेजारी माणसाचे नाव ही जोडी मोबाइलने जुळविली, असे मात्र कोणी समजू नये. १८५४ साली पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने भेटकार्डाएवढ्या लहान छायाचित्रांचे पेटंट घेतले. ही कार्डे जगभर पसरली, आणि त्यांच्या पाठीवर स्टुडिओवाले आपले नाव व पत्ता छापू लागले. नावाभोवती वेलबुट्टी, कधी मिळालेली पदके, कधी रंगाची तबकडी, तर कधी पंख असलेले बाळ आणि त्याच्या हाताशी एक कॅमेरा! पुढच्या बाजूस गिऱ्हाइकाचा चेहरा, मागच्या बाजूस कारागिराची सही.

त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक नामांकित छायाचित्रकार. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत छायाचित्रणाचा धंदाच केला. आज दीडशे वर्षांनी ही नावे आपण घेऊ शकतो, कारण ती कोणीतरी कोठेतरी लिहून ठेवली.

आज छायाचित्राखालच्या ओळीत कॅमेऱ्याची खूण, पुढे दोन टिंबे आणि पुढे नाव असे दिसले, की समजावे : हे चित्र अमक्याने काढले. कार्डाच्या पाठीवरची सहीच ही. फक्त पाठीवरून पुढे आली. कायद्यालाही हा मान मान्य आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने छायाचित्र काढणाऱ्यालाच त्याचा कर्ता म्हटले आहे, आणि हक्क विकल्यानंतरही ‘हे माझे’ असे सांगण्याचा अधिकार त्याच्यापाशी ठेवला आहे.

घरात मात्र कायदा कोण काढतो? आमच्या घरच्या आल्बमात शंभराच्या वर फोटो आहेत. मुंजी, डोहाळजेवणे, पंढरपूरची वारी, नव्या घराची वास्तुशांत, काही सुटलेले नाही. हे बहुतेक सारे आमच्या धाकट्या काकांनी काढलेले, आणि त्यांत धाकटे काका एकदाही नाहीत. पाठीमागे तारखा आहेत, आत्याच्या नवऱ्याच्या हुद्द्यापर्यंत सगळे आहे. काढणाऱ्याचे नाव कोणी लिहिले नाही. ज्यांना ते ठाऊक होते, ते एकेक करून गेले. आता मुलांना सांगावे लागते की, हे सगळे ज्याच्याकडे पाहून हसत आहेत, ते तुमचे काका आजोबा.

म्हणून नावापुढची ती खूण मला केवळ नटवेपणाची वाटत नाही. मात्र ती एकटीच टाकली, तर कुंकवाच्या करंड्यावरल्या नक्षीइतकीच तिची किंमत. पुढे नाव आले की तिची सही होते. येत्या पाडव्याला घरोघरी फोटो निघतील आणि नातेवाइकांना धाडले जातील. त्यांखाली फराळाचे कौतुक अवश्य लिहावे, कॅमेराही अवश्य काढावा. पण त्याच्यापुढे दोन टिंबे देऊन, ज्याने चकली बाजूला ठेवून तो फोटो काढला, त्याचे नाव लिहायला विसरू नये.