उपकरणांचे जाळे आणि निरीक्षकाचे शिक्षण

जालबद्ध संवेदनपद्धतींवरील विद्वत्परिषदांत निबंधवाचनास जोडून अर्ध्या वा पूर्ण दिवसाचे पाठसत्र, म्हणजे ‘ट्यूटोरियल’, योजण्याचा प्रघात आहे. त्याच्या प्रस्तावात विषयाची व्याप्ती, श्रोत्यांची पूर्वतयारी, कालावधी व अध्यापकाचा अनुभव यांचा निर्देश अपेक्षित असतो. हा केवळ परिषदेचा एक उपचार होय, असा समज होणे शक्य आहे. तथापि दूरदूरच्या उपकरणांच्या नोंदी एकत्र आणण्याच्या प्रयत्नांचा इतिहास पाहता, अध्यापन हे अशा जाळ्याचे उपांग नसून त्याचा पाया आहे, असे दिसून येते.

ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या अँगल्सी किनाऱ्यावर वादळात फुटून चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर रॉबर्ट फिट्झरॉय यांनी ठिकठिकाणच्या ठाण्यांतून तारायंत्राने वायुभाराच्या व वाऱ्याच्या नोंदी मागवून १८६१ मध्ये वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था सुरू केली. मासेमारीच्या बंदरांत वायुभारमापके बसविताना त्यांच्या वाचनाची मार्गदर्शक पुस्तिकाही त्यांनी सिद्ध केली होती. उपकरण देणे आणि ते वाचावयास शिकविणे ही त्यांच्या दृष्टीने एकाच कार्याची दोन अंगे होती.

हिंदुस्थानातील उदाहरण अधिक बोधप्रद आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये उभारली गेली होती. परंतु एक उत्तम वेधशाळा म्हणजे जाळे नव्हे. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि १८६६ चा ओरिसातील दुष्काळ यांनी देशव्यापी निरीक्षणाची निकड पटवून दिली. प्रांतोप्रांतीच्या नोंदी तोवर स्वतंत्रपणे घेतल्या जात आणि पद्धतींतील भिन्नतेमुळे त्यांची तुलना दुर्घट होई. १८७५ मध्ये अखिल भारतीय हवामान खाते स्थापन झाले व त्याची धुरा हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे आली. त्यांनी १८७७ मध्ये निरीक्षकांसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा पहिला भाग निरीक्षणविषयक सूचनांसाठीच राखलेला आहे. निरीक्षणात अशी एकरूपता आल्यावाचून १८८६ मधील मोसमी पावसाच्या दीर्घ मुदतीच्या अंदाजास आधार लाभला नसता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निरीक्षकाची जागा यंत्राने घेतली. १९७८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात विकेंद्रित संवेदकजालांवर परिसंवाद झाला; २००२ मध्ये अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्यालगतच्या ग्रेट डक बेटावर सागरी पक्ष्यांच्या बिळांत बिनतारी संवेदक बसविण्यात आले. नोंद आपोआप येऊ लागल्यावर निरीक्षकाच्या शिक्षणाचे प्रयोजन उरले नाही, असा युक्तिवाद येथे संभवतो. परंतु त्या बेटावरील अनुभव वेगळा आहे. पाण्याचा संसर्ग झालेले आर्द्रतामापक अशक्य कोटीतील आकडे पाठवीत आणि अशा आकड्यांपाठोपाठ ते संपूर्ण उपकरणही पुष्कळदा बंद पडे. हे आकडे निसर्गाचे नव्हेत, तर उपकरणाच्या दुखण्याचे लक्षण आहेत, हे ओळखणारी दृष्टी यंत्रात नव्हती. ती अभ्यासकालाच कमवावी लागली.

यावरून पाठसत्राच्या प्रस्तावाची कसोटी निश्चित करता येते. केवळ नव्या उपकरणांचा परिचय करून देणे पुरेसे नाही. प्रमाणांकन, कालमेळ आणि सदोष नोंदींची परीक्षा यांना त्यात मुख्य स्थान हवे, आणि प्रत्यक्ष क्षेत्रातून आलेल्या अशुद्ध नोंदी विद्यार्थ्यांच्या हाती पडावयास हव्यात. जाळे जितके विस्तृत, तितकी एका चुकीच्या वाचनाची व्याप्ती मोठी. आणि त्या वाचनावर एखाद्या किनाऱ्यावरील माणसांचे प्राण अवलंबून असू शकतात.