मॉरिशस: मुक्ती आणि गिरमिट

मॉरिशसच्या मराठी माणसाविषयी बोलताना आपण गणपतीपासून सुरुवात करतो. तिथे गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे सांगताना काचीगुड्यातल्या आमच्या बैठकांतही मान जरा ताठ होते. त्याच देशात १ फेब्रुवारीलाही सुट्टी असते, गुलामगिरी संपल्याची. तिचा उल्लेख मात्र कोणी करत नाही.

बेट मुळात निर्मनुष्य. डचांनी १६३८ मध्ये वस्ती केली, मादागास्करहून गुलाम आणले आणि १७१० मध्ये बेट सोडले. खरा पसारा मांडला तो फ्रेंचांनी. मादागास्कर, पूर्व आफ्रिका आणि आपल्या पाँडिचेरीकडूनही माणसे नेली गेली. १७२३ च्या संहितेने गुलाम म्हणजे जंगम मालमत्ता ठरली. पुढे क्रांतीच्या भरात पॅरिसने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली खरी, पण तो हुकूम घेऊन १७९६ मध्ये आलेल्या प्रतिनिधींना मळेवाल्यांनी सरळ परत जहाजावर चढवले. १८१० मध्ये बेट घेणाऱ्या इंग्रजांनीही तिथले कायदे आणि रूढी जपण्याचे वचन दिले.

कायद्याने मुक्ती मिळाली १ फेब्रुवारी १८३५ रोजी, सुमारे ६६,००० माणसांना. वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली, ती मालकांना. राबलेल्यांना दमडी नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३९ पर्यंत त्याच धन्याची चाकरी. ती सुटताच बहुतेकांनी ऊसमळ्यांकडे पाठ फिरवली.

आता दुसरी तारीख. 'ॲटलास' जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईला उतरले ते २ नोव्हेंबर १८३४ रोजी, मुक्तीच्या तीन महिने आधी! पर्यायाची सोय आधीच झाली होती. १८४२ नंतर मुंबई बंदरातूनही भरती सुरू झाली आणि कोकणातली माणसे त्याच मळ्यांवर गेली. महिना पाच रुपये, पाच वर्षांचा करार. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापलेली.

गिरमिट म्हणजे गुलामगिरी नव्हे. मुदत होती, मजुरी होती, मुले विकली जात नव्हती. पण कराराचा कागद माणसाला किती बांधू शकतो, हे आपल्या मुलखाला सांगायला नको. कर्जापोटी राबणाऱ्या भगेल्यांसाठी निजाम सरकारला १९३६ मध्ये कायदा करावा लागला होता.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. पळालेले गुलाम जिथे लपत, तो ल मॉर्नचा डोंगर २००८ मध्ये. इथून जाणारी मंडळी घाटावर फोटो काढतात. डोंगर बेटाच्या नैऋत्य टोकाला, गाडीने तास-दीड तासावर आहे.