बोनेटखालचा इतिहास: बर्था बेंझच्या पाण्यापासून आपल्या कूलंटपर्यंत

आजचा विषय ऐकायला एकदम साधा आहे. गाडीतलं पाणी, ऑइल आणि ब्रेक फ्लुइड. पण मी तुम्हाला आज गॅरेजमध्ये नाही, तर थेट जर्मनीत घेऊन जाणार आहे. साल १८८८.

कार्ल बेंझने मोटारगाडी बनवली होती, पण लोकांचा तिच्यावर विश्वास नव्हता. त्याची बायको बर्था ऑगस्ट महिन्यात दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे माहेरी निघाली. अंतर शंभरेक किलोमीटर. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो हाच, असं मानलं जातं. इंधन संपलं तेव्हा तिने ते औषधाच्या दुकानातून घेतलं, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वाटेत जिथे मिळेल तिथे ती गाडीत पाणी भरत होती.

का? कारण त्या इंजिनाचं पाणी उकळून वाफ व्हायचं आणि ती वाफ उडून जायची. इंजिन थंड राहायचं ते असंच. म्हणजे पाणी संपणं हा बिघाड नव्हता, ती गाडीची रीतच होती. टाकी उघडायची, पाणी ओतायचं, पुढे निघायचं.

पुढे १९००-०१ च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात आठ हजारांहून जास्त बारीक नळ्या होत्या. तेच पाणी आता फिरून फिरून थंड व्हायला लागलं. १९२० च्या दशकात अमेरिकेत ग्लायकॉलचं कूलंट बाजारात आलं. ते थंडीत गोठत नाही आणि सहज उडूनही जात नाही.

आणि मग आलं प्रेशरवालं झाकण. प्रेशर कुकरचं तत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको! आत दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही. साधारण एक बार जादा दाब असेल तर ते १२० अंशांपर्यंत द्रवच राहतं. इंजिनाची सोय झाली. पण धोका इथेच सुरू झाला, कारण यंत्र बदललं आणि माणसाची सवय तीच राहिली.

आमच्या घरातली मोठी माणसं सांगतात, एक्सप्रेस वे नव्हता तेव्हा उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात फियाट आणि अँबेसेडर बोनेट उघडून उभ्या असायच्या. डिकीत पाण्याचा कॅन असायचाच. अशा वेळी घाईत फडकं धरून झाकण फिरवलं की आतला दाब एकदम सुटतो. १०० अंशांच्या वरचं पाणी क्षणात उकळून तोंडावर, हातावर उसळतं. कुकरची शिटी पडायच्या आत झाकण उघडण्यासारखंच हे.

म्हणून आजचा नियम: गाडी तापली तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि ते पूर्ण गार होऊ द्या. हाताला गरम लागतंय तोवर झाकणाला हात नाही. पंख्यापासूनही हात लांब ठेवा, इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. एरवी झाकण उघडायची गरजच नसते. गार इंजिनावर प्लास्टिकच्या टाकीवरच्या दोन खुणा बाहेरूनच बघा. कमी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेलंच कूलंट घाला. आणि उरलेला कॅन लहान मुलं, कुत्री-मांजरी यांच्यापासून लांब ठेवा. ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर विष असतं.

आता ऑइल. फोर्डच्या मॉडेल टीला डिपस्टिक नव्हती. खाली दोन छोटे कॉक होते. ड्रायव्हरने गाडीखाली शिरून ते उघडायचे. वरच्यातून ऑइल आलं तर भरपूर, खालच्यातूनही आलं नाही तर पंचाईत! आपलं काम त्यामानाने फारच सोपं. सपाट जागा, इंजिन बंद, थोडा वेळ थांबा. डिपस्टिक काढा, पुसा, परत पूर्ण आत घाला, मग वाचा. कमी असेल तर थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका, जास्त ऑइलनेही नुकसान होतं.

शेवटी ब्रेक फ्लुइड. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूझेनबर्ग गाडीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. जुन्या ब्रेक फ्लुइडमध्ये चक्क एरंडेल असायचं, कारण त्याने रबरी सील खराब होत नाहीत. इंजिन ऑइलने मात्र ते फुगतात. म्हणून ब्रेकच्या टाकीत ऑइलचा थेंबही नको.

आजचं डॉट ३, डॉट ४ फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती मर्यादा १४० वर येऊ शकते. घाट उतरताना ब्रेक तापले आणि आत वाफ झाली, तर पेडल नुसतं खाली जातं. म्हणून महिनोन्महिने उघडा पडलेला डबा वापरू नका. झाकण आधी पुसा, रंगावर सांडू नका.

आणि हे नीट लक्षात ठेवा. ब्रेक फ्लुइड उडून कमी होत नाही. पातळी उतरली म्हणजे एकतर पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे. वरून भरलं म्हणजे काम झालं, असं नाही. पेडल मऊ लागत असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकलाच बोलवा.

बर्थाला पाणी भरावं लागायचं, कारण तिची गाडी ते पिऊन टाकायची. आपली बंद सिस्टीम पाणी पीत नाही. तरीही पुन्हा पुन्हा भरावं लागत असेल, तर गाडी काहीतरी सांगतेय. ते ऐका.

गणपतीला गावी निघायच्या आधी, सकाळी गाडी गार असताना पाच मिनिटं काढा. आणि घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!