परदेशात फुटबॉल मॅच बघायला जाताय? तिकीट, सिम आणि ओटीपीचं गणित आधी समजून घ्या

परदेशात मोठ्या फुटबॉल स्पर्धेला जायचं म्हटलं की आपण विमानाच्या भाड्यापासून सुरुवात करतो. भाडं महत्त्वाचं आहेच. पण गेटवर अडकणारे लोक मी पाहिलेत, त्यातला एक मी स्वतः, आणि आमच्यापैकी कोणाचंही विमान चुकलं नव्हतं. आम्ही अडकलो ते खिशातल्या फोनमुळे. आता मॅचचं तिकीट फोनमध्ये असतं, पैसे फोनमध्ये, नकाशा फोनमध्ये आणि या सगळ्याला लागणारा ओटीपीही फोनमध्येच. एक कडी तुटली की मागची सगळी साखळी थांबते. ही साखळी नेमकी कशी चालते ते या लेखात बघू.

मी मूळचा परभणीचा, नोकरीला पुण्यात. जानेवारी २०२४ मध्ये कतारला एएफसी आशियाई कप बघायला गेलो होतो. स्पर्धेचं अधिकृत नाव ‘२०२३’चं, पण झाली १२ जानेवारी ते १० फेब्रुवारी २०२४ या काळात. २४ संघ, ५१ मॅचेस. भारत पात्र ठरला होता. सुनील छेत्री कॅप्टन होता आणि मुंबईचा राहुल भेके संघात होता. जायचं खरं कारण मात्र वेगळं होतं. माझा मामेभाऊ, सेलूचा, सहा वर्षांपासून दोहात इलेक्ट्रिशियन आहे. २०२२ चा वर्ल्ड कप त्याच्या खोलीपासून मेट्रोने अर्ध्या तासावर झाला आणि दादाने तो मोबाइलवर पाहिला. कारण विचारलं तर म्हणाला, "ते ॲप-बिप आपल्याला जमत नाही रे." म्हणून ठरवलं, या वेळी तिकीट मी काढणार आणि दोघं मिळून जाणार.

पासपोर्टवरचं नाव

कंटाळवाणा भाग आहे, पण मराठी माणसाचा पहिला घोळ इथेच होतो. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन भागांचं नाव असतं. पासपोर्टमध्ये रकाने दोनच: ‘सरनेम’ आणि ‘गिव्हन नेम’. वडिलांचं नाव बहुतेक वेळा गिव्हन नेममध्ये तुमच्या नावाला जोडून येतं. विमानाचं तिकीट काढताना आपण नुसतं नाव-आडनाव टाकतो आणि मग काउंटरवर विचारपूस सुरू होते.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात, बाणाच्या टोकासारख्या चिन्हांनी भरलेल्या. ४४-४४ अक्षरांच्या या ओळी मशीनने वाचायच्या असतात. पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि मुदत यांच्यामागे एकेक तपासणी अंक असतो. प्रत्येक अक्षराला ७, ३, १ या क्रमाने गुणायचं, बेरीज करायची, दहाने भागून बाकी घ्यायची. एक अंक चुकला तर मशीनला लगेच कळतं. नावाला मात्र असा तपासणी अंक नाही. नाव माणूस डोळ्यांनी जुळवून बघतो. म्हणून विमान, व्हिसा आणि मॅचचं तिकीट, तिन्हीकडे नाव या खालच्या ओळीत जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने टाका. आधारवर काय आहे ते विसरा. मुदतही बघा, प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी.

मॅचचं तिकीट म्हणजे व्हिसा का?

साधारणपणे नाही. अपवाद कतारच्या २०२२ वर्ल्ड कपचा. तेव्हा मॅचचं तिकीट काढून ‘हय्या’ नावाच्या पोर्टलवर अर्ज केला की मिळणारं डिजिटल हय्या कार्डच देशात शिरायचा परवाना होतं. त्यावर मेट्रोही फुकट होती. त्यामुळे आपल्याकडे अनेकांचा समज झालाय की तिकीट मिळालं म्हणजे काम झालं. एरवी व्हिसाचं काम वेगळं करावं लागतं. मी गेलो तेव्हा भारतीयांना अटी पूर्ण केल्या की कतारमध्ये पोहोचल्यावर व्हिसा मिळायचा: परतीचं तिकीट आणि तिथल्या ठरलेल्या पोर्टलवरून केलेलं हॉटेल बुकिंग. असे नियम बदलत राहतात. दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर विसंबू नका, माझ्या या परिच्छेदावरही नाही. त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा.

तिकिटाचा क्यूआर आणि स्क्रीनशॉट

सगळ्यात स्वस्त तिकीट २५ रियालपासून होतं. तेव्हाच्या दराने साधारण ५७० रुपये. पुण्यात मल्टिप्लेक्सला दोघं गेलो तर याहून जास्त लागतात.

आता तांत्रिक भाग. मोठ्या स्पर्धांची तिकिटं ॲपमध्ये येतात आणि बऱ्याच ॲपमध्ये क्यूआर कोड सतत बदलत राहतो. कल्पना सोपी आहे. तिकीट डाउनलोड होताना सर्व्हर आणि तुमचा फोन, दोघांकडे एक गुप्त आकडा ठेवला जातो. त्यात चालू वेळ मिसळून फोन दर काही सेकंदांनी नवा कोड बनवतो. गेटवरची यंत्रणा तेच गणित करते. दोन्ही उत्तरं जुळली की दार उघडतं. लॉगिनसाठी जे ऑथेंटिकेटर ॲप वापरतात त्यामागेही हीच युक्ती आहे. यातून दोन गोष्टी निघतात. एक, स्क्रीनशॉटला किंमत नाही. टेलिग्रामवर कोणी ‘तिकिटाचा स्क्रीनशॉट पाठवतो, अर्ध्या पैशात’ म्हणत असेल तर तो तुम्हाला जुनं चित्र विकतोय. दोन, फोनचं घड्याळ ‘ऑटोमॅटिक’वर हवं. कतार आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, म्हणून काही जण हाताने वेळ बदलतात. तसं करू नका, टाइम झोन फोनला बदलू द्या.

२०२४ च्या जर्मनीतल्या युरो कपला आणखी एक कुलूप होतं. युएफाच्या तिकीट ॲपमधला क्यूआर स्टेडियमजवळ गेल्यावर ब्लूटूथने सुरू व्हायचा. घरी बसून ॲप उघडलं तर कोड दिसायचाच नाही. ब्लूटूथ बंद ठेवायची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवा.

आणि यंत्रणा कधी कधी आयोजकांच्या बाजूनेही कोलमडते. २१ नोव्हेंबर २०२२ ला इंग्लंड-इराण मॅचआधी खलिफा स्टेडियमबाहेर अनेकांच्या फिफा ॲपमधून तिकिटं दिसेनाशी झाली. लोक गेटवर ताटकळले, काहींना मॅच सुरू झाल्यावर आत जाता आलं. फिफाने अडचण मान्य केली आणि लोकांना ईमेल बघायला सांगितलं. म्हणून तिकीट खरेदीचा ईमेल, ऑर्डर नंबर आणि पासपोर्टच्या पानाचा फोटो इंटरनेटशिवाय उघडेल असा फोनमध्ये ठेवा. कागदावर एक प्रत काढली तरी लाज वाटायचं कारण नाही.

ग्रुपची सगळी तिकिटं एकाच फोनमध्ये ठेवू नका, हेही सांगून टाकतो. ॲपमध्ये ‘ट्रान्सफर’ असतं, ज्याचं तिकीट त्याच्या फोनवर पाठवा. मी दादाचं तिकीट दोन दिवस आधी त्याच्या फोनवर पाठवलं. त्या प्रवासात मी शहाणपणाने केलेली ही एकच गोष्ट.

सिम, ई-सिम आणि ओटीपी

ई-सिम म्हणजे फोनमध्येच बसवलेली चिप. प्लास्टिकचं कार्ड नसतं. कंपनी तुम्हाला क्यूआर देते, तो स्कॅन केला की त्यांच्या सर्व्हरवरून तुमचं ‘प्रोफाइल’ चिपमध्ये उतरतं. फायदा असा की भारतातलं सिम जागेवर राहतं आणि परदेशातला डेटा ई-सिमवर चालतो. फोनमध्ये ई-सिम आहे का ते बघायला डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. आयएमईआयसोबत ‘ईआयडी’ असा लांबलचक नंबर दिसला तर आहे. आपल्याकडच्या बऱ्याच बजेट फोनमध्ये नसतो, माझ्या तेव्हाच्या फोनमध्येही नव्हता. असेल तर प्रोफाइल घरच्या वायफायवरच उतरवून घ्या, कारण ते उतरवायला इंटरनेट लागतं आणि तिथे विमानतळावर उतरल्यावर तेच तर नसतं.

ई-सिम नसेल तर दोहाच्या हमद विमानतळावर ऊरिडू आणि व्होडाफोनचे काउंटर आहेत, तिथे पासपोर्टवर सिम मिळतं. मी तेच केलं. माझ्या फोनमध्ये दुसऱ्या सिमच्या जागेत मेमरी कार्ड होतं. मग भारतातलं सिम काढलं, कागदात गुंडाळलं आणि हॉटेलच्या खोलीत बॅगेत ठेवलं. चूक ही.

भारतातला नंबर हा फक्त बोलायचा नंबर नसतो. बँकेचा ओटीपी, ईमेलचा कोड, तिकिटाच्या ॲपचं लॉगिन, सगळं त्यालाच बांधलेलं असतं. यूपीआय ॲप तर सिम फोनमध्ये आहे की नाही हेही तपासतात. निघण्याआधी कंपनीच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल रोमिंग सुरू करा आणि त्या सिमचा ‘डेटा रोमिंग’ मात्र बंद ठेवा. परदेशात येणाऱ्या एसएमएसला आपल्या कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत, बिल फुगतं ते डेटाने आणि कॉलने.

माझं काय झालं ते सांगतो. १८ जानेवारी, गुरुवार. भारत विरुद्ध उझबेकिस्तान, अहमद बिन अली स्टेडियम, मॅच संध्याकाळी साडेपाचला. आदल्या रात्री फोनची जागा संपत आली होती. मॅचचे व्हिडिओ काढायचे म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन मोठमोठ्या ॲपचा डेटा साफ केला. झोपेत तिकिटाच्या ॲपवरही ‘क्लिअर स्टोरेज’ दाबलं. सॉफ्टवेअर इंजिनिअर माणूस! ‘कॅश’ साफ केली तर फक्त तात्पुरत्या फाइल जातात, ‘स्टोरेज’ साफ केलं तर लॉगिनसकट सगळं जातं, हे मी ऑफिसात ज्युनिअर मुलांना शिकवतो.

ग्रीन लाइनने अल रिफा स्टेशनला उतरलो. सगळीकडे निळे टी-शर्ट, ढोल, मल्याळममधल्या घोषणा. त्या दिवशी स्टेडियमात ३५ हजारांहून जास्त लोक होते आणि बहुतेक आपलेच. गेटवर ॲप उघडलं तर लॉगिन स्क्रीन. नंबर टाकला. ओटीपी गेला भारतातल्या सिमवर, आणि ते सिम खोलीत, बॅगेत.

दादाचं तिकीट त्याच्या फोनवर होतं. मी म्हणालो, "दादा, तू जा आत."

"तुला सोडून? चल, दोघं घरी जाऊ."

"सहा वर्षांनी आलास इथपर्यंत. जा म्हणतो ना."

तो गेला, पण तीनदा मागे वळून बघत. मी टॅक्सी पकडून खोलीवर गेलो, सिम बदललं, ओटीपी आला, पुन्हा टॅक्सी. वाटेत त्याचे मेसेज: "एक झाला." मग "दोन." मग बराच वेळ काही नाही, आणि शेवटी, "आरामात ये." मी जागेवर पोहोचलो तेव्हा दुसरा हाफ सुरू होत होता. बोर्डवर ०-३. दुसऱ्या हाफमध्ये गोल झालाच नाही. दादा अजून सगळ्यांना सांगतो, हा आला आणि भारताने गोल खाणं बंद केलं.

पैसे

यूपीआय आता काही देशांत चालतं, पण प्रत्येक दुकानात नाही. त्यावर एकट्यावर विसंबून जाऊ नका. कार्ड न्याल तर आधी बँकेच्या ॲपमध्ये ‘इंटरनॅशनल’चं बटण चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतं, परदेशातला वापर आपण स्वतः सुरू करायचा असतो. खर्चाची मर्यादाही तिथेच ठरवता येते.

दुकानातलं मशीन कधी कधी विचारतं, रुपयांत घेऊ की रियालमध्ये? आपल्याला रुपये ओळखीचे वाटतात. पण रुपये निवडले की विनिमयाचा दर मशीनवाली कंपनी ठरवते आणि तो बहुधा महाग पडतो. नेहमी तिथलं चलन निवडा. थोडी रोख रक्कमही ठेवा.

पुढच्या स्पर्धा

२०२६ चा वर्ल्ड कप ११ जून ते १९ जुलै, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत: ४८ संघ, १०४ मॅचेस, १६ शहरं. इथे फोनआधी व्हिसाचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या व्हिसाला मुलाखत असते. फिफाकडून थेट तिकीट घेणाऱ्यांसाठी ‘फिफा पास’ नावाची सोय जाहीर झाली. तिने मुलाखतीची तारीख लवकर मिळू शकते, पण व्हिसा मिळेलच असं नाही. कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. वैध अमेरिकी व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. अमेरिकेच्या वकिलाती मुंबईतही आहेत आणि हैदराबादलाही. परभणीकरांनी आधी हैदराबादच्या तारखा बघाव्यात. देवगिरी एक्स्प्रेस दोन्ही दिशांना जाते, पण सिकंदराबादची बाजू बरीच जवळ पडते.

२०२७ चा आशियाई कप सौदी अरेबियात आहे. भारत त्याला पात्र ठरला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ ने हरलो आणि दार बंद झालं. दादाला त्या रात्री फोन केला तर तो म्हणाला, सौदी बसने जाता येतं इथून, भारत नसला तरी बघू की. तिकिटाचं ॲप या वेळी त्याने स्वतःच डाउनलोड करायचं ठरवलंय. मला फक्त सिम काढायचं नाही एवढी सूचना आहे.