होसकोट्याचा मुक्काम

प्रवास म्हटला की मुक्काम आला आणि मुक्काम म्हटला की सामानाची चिंता आली. अंगावरच्या वस्त्रानिशी निघणारा संन्यासी सोडला, तर या चिंतेतून कोणी सुटलेला नाही. मोठमोठ्या फौजाही नाहीत. शिवछत्रपतींनी लष्करात बायका, बटकी नेण्यास मनाई केली होती, असे सभासद सांगतो. हा सडेपणा पुढे लोपला आणि १७६१ मध्ये पानिपतावर बुणगे व यात्रेकरू यांचे ओझे फौजेच्या गळ्यात पडले. तेव्हा सामान म्हणजे केवळ संकट, असे कोणासही वाटावे. परंतु होसकोट्याची एक रात्र निराळी साक्ष देते.

बंगळूरच्या ईशान्येचे हे गाव मराठ्यांना परके नव्हे. १६३८ च्या सुमारास बंगळूर, होसकोटे, कोलार हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. पुढे १७६८ च्या ऑगस्टमध्ये गुत्तीचे मुरारराव घोरपडे हैदर अलीविरुद्ध इंग्रजांना मिळाले, तेव्हा कर्नल स्मिथच्या छावणीशेजारी त्यांचा तळ येथेच पडला. २२ तारखेच्या रात्री हैदरने त्यावर छापा घातला.

अशा वेळी स्वाराची पहिली धाव घोड्यावर मांड टाकण्याकडे असते. मुराररावांनी नेमके तेच मना केले. प्रत्येकाने आपल्या घोड्याच्या तोंडाशी उभे राहावे. अंधारात जो घोड्यावर दिसेल तो शत्रू! आपपर ओळखण्याची याहून सोपी खूण कोणती? त्यात एक जखमी हत्ती सुटला. स्वतःचाच साखळदंड सोंडेत धरून तो डावीउजवीकडे फिरवीत त्याने हैदरचे घोडदळ मागच्या पायदळावर लोटले, असे विल्क्स हा म्हैसूरचा इतिहासकार लिहितो. छापा फसला.

त्या रात्री तळ वाचला, तो प्रत्येक जण आपल्या जागी उभा राहिला म्हणून. ज्याचे जनावर त्याच्याच हाती, हा जबाबदारीचा हिशेब तेथे चोख होता.

होसकोट्यापासून फार दूर नसलेल्या देवनहळ्ळीस २००८ पासून बंगळूरचा विमानतळ आहे. दुसऱ्या विमानासाठी तेथे रात्र काढणाऱ्या उतारूची पेटी पुष्कळदा त्याच्याजवळ नसते. हाती असते ती केवळ पावती. मालक आणि माल यांची ही ताटातूट सह्य व्हावी, म्हणून १९२९ च्या वॉर्सा कराराने व पुढे १९९९ च्या माँट्रियल कराराने असे ठरविले, की सोपविलेले सामान विमान कंपनीच्या ताब्यात आहे तोवर, मग ते आकाशात असो वा विमानतळावर, त्याची जोखीम मर्यादित रकमेपुरती कंपनीची. सामान दुसऱ्याच्या स्वाधीन करताना उतारूने म्हणूनच दोन गोष्टी विचाराव्यात: पेटी कोठवर जाणार, आणि रात्री ती कोणाच्या ताब्यात राहणार? पहिल्याचे उत्तर पावतीवर छापलेले असते. दुसरे मात्र निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. मध्यरात्री ते सांगणारा भेटेलच, असे नाही.